न कापलेली पानं

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? डॉक्टरवर? तो अर्धं आपल्याला सांगतो आणि अर्धं दाराबाहेर नातेवाइकांना. नातेवाइकांवर? ते आपलं तोंड बघून बोलतात. मग उरला दुकानदार. हसू नका. माणूस जे सख्ख्या भावाला सांगत नाही ते गल्ल्यावर कोपर टेकून दुकानदाराला सांगतो, आणि दुकानदारानं "हे घेऊन जा" म्हटलं की डोळे मिटून घेऊन जातो. ज्यांची ही हकिगत आहे त्यांचं तर लोकांनी नावच पाडलं होतं, खात्रीशेठ.

त्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. शाळा अर्धवट सुटलेली. हातगाडीवर रद्दी विकता विकता ते वाचायला शिकले आणि मग त्या रद्दीच्याच प्रेमात पडले. माणसाचा चेहरा बघून पुस्तक काढून द्यायची त्यांची हातोटी होती. पुस्तक हातात ठेवायचं आणि वर म्हणायचं, "घेऊन जा. खात्री माझी." एकदा एकानं झोप येत नाही म्हणून पुस्तक मागितलं. शेठनी त्याला प्राप्तिकराच्या कायद्याचा ठोकळा दिला. आठवड्यानं गडी परत आला. "झोप नाही आली शेठ, पण कर वाचला!" असे किस्से त्यांच्याकडे पोत्यानं.

दुकानाच्या मागच्या अंगाला लाकडी जिना, आणि वरच्या खोलीत शेठची थोरली बहीण. तिनं त्यांना लहानाचं मोठं केलेलं. लग्न तिनं केलं नाही, यांनीही केलं नाही. साठीला आलेल्या खात्रीशेठना अजून "बाळ्या" म्हणायचा हक्क जगात तिच्या एकटीकडे उरला होता. त्या वर्षी ताईचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी शेठना दाराबाहेर नेलं आणि खाली बघत सांगितलं, फार दिवस नाहीत.

दुखणं तिनं सोसलं असतं. पण तिला भीती वाटायची. मरणाची भीती, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. भरदिवसा दिवा लावून ठेवायची, शेठचा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, "मला नाही रे जायचं बाळ्या. कुठं जायचं ते तरी कुणी सांगतं का?" गावभर पुस्तकं सुचवणाऱ्या माणसाला बहिणीसाठी एक पुस्तक सापडत नव्हतं. जे काढायचे ते एक तर उपदेश करायचं, नाही तर रडायचं.

अशात एका चित्रकाराच्या घरची पुस्तकं विकायला निघाली. चित्रकार वारले होते. त्या ढिगात शेठना एक जाड, मोठ्या आकाराचं पुस्तक मिळालं. चित्रांतून सांगितलेली कादंबरी, हल्ली जिला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती. शब्द जवळजवळ नाहीतच. कुणी काढली, कुणी छापली, काही लिहिलेलं नाही. काळ्या शाईची चित्रं, पण त्या काळ्यात इतक्या छटा की शेठ दुकान उघडायचं विसरून बघत बसले.

गोष्ट साधी होती. एक बाई घरात एकटी राहते. एका संध्याकाळी तिला जिन्याच्या खालच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसतं. पाठमोरं. ती घाबरून दार लावून घेते. दुसऱ्या दिवशी पाहुणा एक पायरी वर. ती दाराला कपाट लावते, खिडक्या बंद करते. तो रोज थोडा वर येतो आणि नुसता बसून राहतो. हळूहळू बाईचा चेहरा बदलत जातो. ती दारापाशी दिवा ठेवते. मग दाराआडून त्याच्याशी बोलते. आणि शेवटी एक दिवस कपाट सरकवून, खोलीच्या मधोमध खुर्ची मांडून, स्वतःच्या हातानं दार उघडते. त्या चित्रातला तिचा चेहरा बघून शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. असा चेहरा ताईचा व्हावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यापुढची पानं मात्र जोडलेली होती. जुन्या पद्धतीत मोठा कागद दुमडून शिवायचे, त्याच्या घड्या वाचणाऱ्यानं सुरीनं कापायच्या. शेवटच्या काही घड्या कुणी कापल्याच नव्हत्या. आणि इथं शेठमधला व्यापारी जागा झाला. न कापलेल्या प्रतीला आम्हा जुनी पुस्तकं विकणाऱ्यांत मान जास्त, म्हणजे माल कोरा. सुरी लावायला त्यांचा हात धजला नाही. पुढं काय असणार? मरण येणार, बाई शांतपणे जाणार. शेवट कळल्यासारखाच होता.

तरी एकदम ताईला द्यायला मन घेईना. आधी दुसऱ्या कुणाला देऊन बघू, असा विचार त्यांनी केला. कापड विकत घेताना आपण कोपरा धुऊन बघतो ना, तसा.

पहिली शिफारस त्यांनी केली ती एका निवृत्त पोस्टमनला. आयुष्यभर पिशवी वाहून म्हाताऱ्याचा एक खांदा उतरलेला, हृदय थकलेलं. "पोस्टमनकाका, घेऊन जा. मरणाला मित्र कसं करायचं ते यात आहे. खात्री माझी." काही दिवसांनी त्यांचा मुलगा पुस्तक परत घेऊन आला.

"बाबा गेले, शेठ. पण काय शांत गेले म्हणून सांगू. पलंगासमोर खुर्ची मांडलेली. आदल्या दिवशी माझं ब्लेड मागून घेतलं आणि पुस्तकाची पानं कापत बसले होते."

तो गेल्यावर शेठनी पुस्तक उघडलं. घड्या जशाच्या तशा जोडलेल्या. बोट फिरवून पाहिलं, चिकटवल्याची खूण नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. खरं सांगायचं तर प्रत कोरी राहिली म्हणून त्यांना जरा बरंच वाटलं.

दुसरी शिफारस गणिताच्या बाईंना. बाई धडधाकट, आवाज असा की पहिल्या बाकावरचं पोर दचकावं. आई गेल्यापासून मात्र हरवल्यासारख्या झाल्या होत्या. दुकानात आल्या तेव्हा बोटांना खडू तसाच, आणि सवयीनं हातावर हात झटकत उभ्या राहिल्या.

"शेठ, बाकी शून्य येतेय हो सगळीकडून," त्या म्हणाल्या.

"मग हे न्या. खात्री माझी."

पंधरवडा गेला. इकडे ताईची भीती वाढत चाललेली. एका दुपारी तिनं शेठच्या मनगटाला नखं लावली. शेठनी ठरवलं, आता बस्स. बाईंकडचं पुस्तक आणायचं आणि आजच ताईच्या हातात द्यायचं. दुपारी दुकान बंद असायचंच. तेवढ्या वेळात जाऊन येऊ म्हणून ते पायीच निघाले. ऊन होतं, पण मळकट, धुळीतून गाळून आल्यासारखं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

दार बाईंच्या भावजयीनं उघडलं. डोळे सुजलेले. घरात फिनेलचा वास आणि मागे लागलेली एकच उदबत्ती.

"भाऊ, तुम्हाला कळलं नाही वाटतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "वन्सं गेल्या. परवा."

शेठनी दाराची चौकट धरली. "काय झालं? त्या तर चांगल्या..."

"काही झालं नाही. तोच तर घोर आहे. ताप नाही, दुखणं नाही. शेवटचे आठ दिवस नुसत्या हसतमुख. मी म्हटलं, बरं झालं बाई, आईच्या दुःखातून बाहेर आल्या." तिनं आत पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "म्हणायच्या, जिन्यात एक गृहस्थ येऊन बसतात. फार थकलेत बिचारे. एक खांदा उतरलेला, काहीतरी ओझं वाहिल्यासारखा. रोज एक पायरी वर येतात. मी दहादा जाऊन बघितलं, भाऊ. जिना रिकामा."

 पोस्टमनकाका कसे दिसायचे ते या बाईला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"आणि खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?" ती एक पाऊल मागे सरली. "हो... मांडली होती. स्वयंपाकघरातली सुरी नेली आणि पुस्तकाची पानं कापली. माझ्यादेखत कापली, शेवटच्या घडीपर्यंत. मग म्हणाल्या, वहिनी, तुम्ही झोपा आता."

"ते पुस्तक द्या मला. आत्ता."

"ते कशाला घरात ठेवू? सकाळीच आमच्या ह्यांनी तुमच्याकडे पोचतं केलं. तुम्ही बाहेर गेला होतात म्हणे. वर तुमच्या बहिणीनं घेतलं."

खात्रीशेठ आयुष्यात कधी पळाले नसतील. त्या दुपारी पळाले. एक चप्पल वाटेत राहिली. डोक्यात एकच गोष्ट घण घातल्यासारखी आदळत होती. सकाळपासून पुस्तक ताईकडे आहे, आणि आपल्याला ते माहीत नाही. मघाशी तिनं नखं लावली तेव्हाही ते तिच्या उशीखाली असणार.

दुकानाच्या मागचं दार ढकलून ते जिन्याकडे वळले. आत एवढा अंधार कधी नसायचा. आणि वास येत होता. ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर वर्गात येतो तो. ते चढू लागले. निम्म्या जिन्यात आल्यावर त्यांचं अंग आपोआप एका बाजूला झालं, भिंतीला घासून, पाय चोरून. वाटेत बसलेल्या माणसाला लाथ लागू नये म्हणून आपण होतो तसं. दोन पायऱ्या वर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण बाजूला कशासाठी झालो? मागे वळून बघायची छाती झाली नाही.

खोलीत दिवा बंद होता. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती, मांडीवर पुस्तक, हातात फळं चिरायची सुरी. केस नीट विंचरलेले. खोलीच्या मधोमध खुर्ची. दोन माणसांशिवाय कूस न बदलणाऱ्या बाईनं ती ओढली कशी, देव जाणे.

"आलास? जिन्यात भेटल्या का त्या?" ती म्हणाली. आवाज स्वच्छ, लहानपणी त्यांना उठवायची तसा.

"कोण... त्या?"

"बाई आहेत कुणी. सारखे हात झटकतात. पुस्तक आलं तेव्हा अगदी खाली होत्या, आता निम्म्यावर आल्यात. फार पटापट येतायत रे, बहुतेक मीच भराभर कापतेय म्हणून." ती हसली. "बाळ्या, मला भीती वाटत नाहीये. बघ, हात बघ. थरथरतोय का?"

हात खरंच स्थिर होता. आणि चेहरा... पुस्तकातल्या त्या बाईचा चेहरा. हाच तर हवा होता त्यांना. क्षणभर त्यांना वाटलं, राहू द्यावं. नाही तरी जायचीच आहे. मग हसत का जाऊ नये?

"एकच घडी राहिलीय," ताई म्हणाली आणि सुरीचं टोक कागदाच्या दुमडीत सरकवलं.

शेठनी तिचा हात धरला. आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. न कापलेली घडी कडेनं दाबली की नळीसारखी फुगते, आणि डोळा लावला तर आतलं थोडंफार दिसतं. इतके दिवस त्यांनी ते केलं नव्हतं, कारण शेवट आपल्याला कळलाय अशी त्यांची खात्री होती. आता त्यांनी पुस्तक खिडकीच्या उजेडाकडे धरलं, घडी दाबली आणि आत बघितलं.

पाहुणा खुर्चीत बसला होता. दमून मान टाकून, सुटल्यासारखा. आणि बाई उठली होती. ती दाराबाहेर जाते. जिना उतरते. रस्ता चालते. शेवटच्या चित्रात दुसरंच एक घर, दुसराच जिना, आणि खालच्या पायरीवर ती बसलेली. संपूर्ण पुस्तकात शांत होत गेलेला तिचा चेहरा तिथं बघणाऱ्याकडे वळला होता. तोंड उघडं होतं. ती ओरडत होती, आणि चित्राला आवाज नव्हता.

म्हणजे मरण येऊन बसत नव्हतंच. आधी गेलेला येऊन बसत होता, आणि स्वतः सुटण्यासाठी दुसऱ्याची जागा मागत होता. गणिताच्या बाई सुटणार, आणि ताई... अंधाराला भिणारी ताई कुणा अनोळखी माणसाच्या जिन्यात जाऊन बसणार. एकटी. कुणी दार उघडेपर्यंत.

जिना वाजला.

एक पायरी. मग आणखी एक. पाय ओढत, सावकाश.

"खुर्ची सोड हां बाळ्या," ताई म्हणाली, कारण शेठ चटकन जाऊन त्या खुर्चीत बसले होते. "ती त्यांच्यासाठी आहे."

शेठनी एका हातानं पुस्तक छातीशी आवळलं आणि दुसऱ्यानं खुर्चीचा हात धरला. पावलं दारापाशी थांबली. दार उघडंच होतं, आणि दारात काहीच नव्हतं. फक्त तिथला अंधार बाकीच्या अंधारापेक्षा जरा पांढुरका होता, खडूची पूड उडाल्यावर हवा होते तसा. मग तो आवाज आला. हातावर हात झटकल्याचा. थप... थप...

"जागा आहे का?"

कुजबुज, पण आवाज ओळखीचा. पहिल्या बाकावरच्या पोराला दचकवणारा तो आवाज आता इतका बारीक झाला होता की ऐकवत नव्हता.

शेठ कसंबसं म्हणाले, "जागा... नाही, बाई."

 खालून रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी वाजली. जग तिथंच होतं, एका भिंतीपलीकडे.

"मग मी किती वेळ बसायचं?... शेठ, तुम्हीच दिलं होतंत ना... खात्री माझी, म्हणाला होतात..."

या वाक्यानं मात्र शेठचा धीर सुटला. आयुष्यभर दिलेला शब्द दारात उभा राहून जाब विचारत होता. उठावं, बाईंना बसू द्यावं, असं त्यांना क्षणभर खरोखर वाटलं. गुडघे हललेसुद्धा.

"ऊठ ना रे," ताई मागून म्हणाली. "दमल्यात त्या."

ते उठले नाहीत. डोळे मिटून, दात आवळून बसून राहिले. गालाला गार वारा लागला, कुणीतरी अगदी जवळ वाकून चेहरा निरखावा तसा. मग जिना वाजला. उतरत. एकेक पायरी... एकेक... आणि शेवटच्या पायरीवर थांबला. बाहेरचं दार काही वाजलं नाही.

"बाळ्या!" ताई किंचाळली. "दिवा लाव! दिवा लाव रे, कोण आहे तिथं? माझा हात धर... मला नाही जायचं... मला नाही जायचं..."

शेठनी दिवा लावला. तिचा हात धरला. तो पानासारखा थरथरत होता. तिला कुशीत घेऊन ते म्हाताऱ्या डोळ्यांनी पोरासारखे रडले, आणि ते रडणं आनंदाचं की पश्चात्तापाचं, हे त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.

पुस्तक त्यांनी जाळायचं ठरवलं होतं. पण जाळलं तर बाई कायमच्या तिथंच बसून राहतील, या विचारानं काडी ओढवेना. शेवटी लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं. डॉक्टरांनी दिलेली मुदत कधीच उलटून गेली. ताई जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात, चमत्कार आहे. ती रोज संध्याकाळी विचारते, "जिन्यात कोण बसलंय?" आणि बरं वाटत असेल त्या दिवशी भावाकडे टक लावून म्हणते, "तेव्हा मला जाऊ दिलं असतंस तर?" शेठ तिच्या पायांवर पांघरूण घालतात आणि जिना उतरताना भिंतीला घासून उतरतात. शिफारस करणं त्यांनी सोडलंय. गिऱ्हाईक विचारायला लागलं की म्हणतात, "बघा, तुमचं तुम्हीच निवडा."

गेल्या महिन्यात मात्र एक तरुण मुलगी दुकानात आली. तोंडावर तकतकी, लग्न ठरलेलं. इकडेतिकडे न बघता सरळ गल्ल्यापाशी येऊन म्हणाली, "काका, मरणावरचं एक चित्रांचं पुस्तक आहे ना तुमच्याकडे? फार सुंदर आहे म्हणे."

शेठनी मान हलवली. "नाही बेटा. तसलं काही नाही."

"त्या म्हणाल्याच होत्या, दुकानदार आधी नाही म्हणतील म्हणून." मुलगी हसली. "बसस्टॉपवर भेटल्या एक बाई. कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे, माझ्या बाहीला खडू लागला बघा त्यांचा. म्हणाल्या, मागत राहा, देतील."

शेठनी तिला हाकलली. ती गेली, पण दुसऱ्या दिवशी आणखी एक जण आला. त्याला पुस्तकाचं सांगणारा एक म्हातारा होता, एक खांदा उतरलेला. म्हणजे बाईंनी दार उघडूनही पोस्टमनकाका सुटले नव्हते. त्यानंतर आलेल्या बाईला ज्यांनी सांगितलं, त्यांचं वर्णन ऐकून मात्र शेठना काहीच उमगलं नाही. कारण तसा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि पुस्तक तर त्यांनी फक्त दोघांना दिलं होतं. त्यांच्या हाती पडण्याआधी ते किती घरांतून फिरून आलं होतं, कुणास ठाऊक.

तेव्हा माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. एखादं पुस्तक कुणी आग्रहानं सुचवलं तर घरी जाऊन शांतपणे आठवा. कोण होतं ते, कुठं भेटलं, आणि त्या दिवशी ते माणूस हयात होतं का. बाकी कशाचा ठेवू नका हवं तर, पण एवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा.